साराबांदला कुणी ओरडलं नाही

नर्मदा टिपणीस कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची. पहिल्यांदा साधी, दुसऱ्यांदा नक्षीसकट. "दूध संपलंय," ही झाली पहिली खेप. मग जरा वेळाने, आवाज तसूभरही न वाढवता, "दूध संपलंय, जमियाचं दुकान खालीच आहे, आणि तुम्ही मघापासून पेपरच्या त्याच पानावर आहात." तिच्या नवऱ्याला, शत्रुघ्नला, या दुसऱ्या खेपेची धास्ती असे. ओरडणाऱ्या बायकांचे नवरे सुखी, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ओरडा सुरू झाला की माणूस मनाने बाहेर फिरून येतो. नर्मदा ओरडत नसे. ती वाक्याच्या मध्ये एका जागी थांबे, आणि त्या थांबण्यात काय काय मावतं ते समोरच्यावर सोपवून देई.

शत्रुघ्न कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांच्या आतलं बघून त्याला खोड लागली होती: भेटेल त्या माणसाचं मनातल्या मनात खातं उघडायचं, जमेला काय, नावे काय. नर्मदेच्या खात्यात जमेला पुष्कळ होतं. लहान मुलांच्या क्लिनिकमधली नर्सची नोकरी, मंगफच्या फ्लॅटचा संसार, चिंचगुळाची आमटी. नावे टाकण्याजोगी एकच बाब होती, ती म्हणजे तिची स्मरणशक्ती.

नव्वद सालच्या एप्रिलमध्ये या घरात एका वाद्यावरून तंटा उभा राहिला.

त्यांची मुलगी सुखदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. अबू हलीफाला राहणाऱ्या ताहिरा मॅडमकडे ती पियानो शिकायला जायची. या बाई मूळच्या बैरूतच्या, पॅरिसला शिकलेल्या, इथे एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या. त्यांच्या दिवाणखान्यात पियानो होता, आणि पियानोच्या पलीकडे एक लांबट, निमुळतं, हिरवट रंगाचं खोकं होतं. दोन वर्षांपूर्वी सुखदाने ते उघडून बघितलं आणि पियानोकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. ते होतं हार्पसिकॉर्ड.

शत्रुघ्नला पहिल्या दिवशी त्याच्या पट्ट्या बघूनच आपलेपणा वाटला होता. हार्मोनियममध्ये जिथे पांढऱ्या, तिथे काळ्या. जिथे काळ्या, तिथे पांढऱ्या. "हा तर पेटीचा एक्स-रे," तो म्हणाला होता. ताहिरा मॅडमनी झाकण उघडून आतली करामत दाखवली. प्रत्येक पट्टीच्या टोकाला लाकडाची एक पातळ काडी उभी. काडीला पिसाच्या देठाचं इवलंसं नख. पट्टी दाबली की काडी उडी मारते, नख तार छेडतं आणि काडी गपकन खाली बसते.

"जोरात दाबली तर?" शत्रुघ्नने विचारलं.

"तेवढाच आवाज."

"हळू दाबली तर?"

"तेवढाच आवाज," मॅडम हसल्या. "याला ओरडता येत नाही आणि कुजबुजताही येत नाही, मिस्टर टिपणीस. हा फक्त थांबू शकतो. एखादा सूर किंचित उशिरा आणायचा, एखाद्याला थोडी नक्षी लावायची. जे सांगायचं ते त्यात सांगायचं."

शत्रुघ्नला हे वाद्य आपण कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, पण कुठे ते त्या वेळी ध्यानात आलं नाही.

त्या ताहिरा मॅडम आता जूनमध्ये कुवेत सोडून मुलाकडे माँट्रिअलला चालल्या होत्या. पियानोला गिऱ्हाईक मिळालं होतं. हार्पसिकॉर्डला एका हॉटेलने मागणी घातली होती. लॉबीत ठेवायला, वर फुलदाणी मांडून. मॅडमच्या मनात ते सुखदाला द्यायचं होतं, तेही तसंच, भेट म्हणून. एकच अट: ते वाजलं पाहिजे.

"आणि ठेवायचं कुठे?" नर्मदेने विचारलं. तिघं जेवायला बसली होती.

"इथे," सुखदाने ताटाखालच्या टेबलावर बोट टेकवलं. "वी कॅन ईट ऑन द फ्लोअर, आई. इट्स ट्रॅडिशनल."

"तुझे बाबा खाली बसल्यावर त्यांना उठवायला ट्रॅडिशन येणार आहे का?"

"मी उठेन माझा मी," शत्रुघ्न म्हणाला.

"त्या वाद्याला एसी दिवसभर लागतो. खाली पाण्याचं घमेलं ठेवावं लागतं. दर आठवड्याला तारा जुळवाव्या लागतात. घरात तुमची एवढी बडदास्त कुणी ठेवत नाही." नर्मदेने आमटी वाढली आणि थांबली. सुखदाने घास खाली ठेवला. "मला त्यातलं काही कळत नाही. पण आपल्या मराठी मंडळातल्या लोकांना गाणं कळतं, असं ते स्वतः म्हणतात. महाराष्ट्र दिनाला तिथे वाजव. वन्स मोअर मिळाला, तर हे टेबल काढू."

सुखदाचा चेहरा पडला. शत्रुघ्नचाही.

"मिळालेला हं," नर्मदा म्हणाली. "मागून घेतलेला नव्हे."

ही अट किती कडू होती हे कळायला मंडळाची रीत ठाऊक हवी. मंडळात मुलांना टाळ्या मिळत आणि स्टीलची वाटी मिळे. वन्स मोअर हा मोठ्यांचा मान होता, आणि मोठ्यांतही तो एकट्या शामलाताईंनाच नेमाने मिळत असे. शामलाताई मंडळाच्या अध्यक्ष. त्या नाट्यपद म्हणत, आणि पद संपता संपता तिसऱ्या रांगेतून त्यांचे यजमान "वन्स मोअर!" म्हणून पुकारत. त्यावर ताई लाजत, नको नको म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. त्यांच्या खात्यात जमेला नवरा होता. गळ्याचं कुणी विचारत नसे.

शत्रुघ्नने विचार केला: वन्स मोअर घरचा चालतो, हे तर मंडळानेच सिद्ध केलंय. पण स्वतः ओरडायची सोय नव्हती. नर्मदा शेजारी असणार. मुलीच्या वाजवण्यावर भिस्त ठेवावी, तर त्याचीही छाती होत नव्हती. ताहिरा मॅडमच्या इमारतीखाली गाडीत बसून तो कितीतरी संध्याकाळी ऐकत आला होता. एकच तुकडा, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा तोच. चांगलं होतं; पण आपली माणसं बटाटेवडा सोडून ते ऐकत बसतील का, याची त्याला शंका होती. आणि ते खोकं हॉटेलात गेलं तर पोरगी काही बोलणार नाही, नुसती आईसारखी थांबेल, हेही त्याला दिसत होतं.

तो महबूल्याला गेला. तिथे एका मोठ्या खोलीत कुडाळ-कणकवलीकडचे सुतार, फिटर, रंगारी असे सडे गडी राहत. त्यांचा म्होरक्या शरद मेस्त्री. शत्रुघ्नने त्याच्या मोडक्या मनगटाचा एक्स-रे काढला होता, तेव्हापासूनची ओळख. वाद्य हलवायला त्यांचीच मदत लागणार होती, तेव्हा बोलणं त्यावरून सुरू झालं आणि हळूच मुद्द्यावर आलं.

"ओरडूचा?" मेस्त्रीचे डोळे चमकले. "साहेब, दशावतार बघान मोठे झालो आमी. ओरडूचा काम आमचा. फक्त कधी तां सांगा."

"ती थांबली की."

"मटण घातलात तर नाचान पण दाखवू."

"नाच नको. नुसतं वन्स मोअर. आणि ही गोष्ट आपल्यातच."

"वहिनींका घाबरतास?"

"आदर करतो," शत्रुघ्न म्हणाला, आणि शुक्रवारी मटणाचं आवतण देऊन परतला. नर्मदेला सांगितलं की वाद्य उचलणाऱ्यांना उपाशी ठेवणं बरं दिसत नाही. तिने मटण केलं. का, ते विचारलं नाही; आणि हीच गोष्ट त्याला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

कार्यक्रम एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये, महाराष्ट्र दिनानंतरच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी होता. मेस्त्रीच्या माणसांनी वाद्य गोधड्यांत गुंडाळून ठेकेदाराच्या वनेटमधून, म्हणजे तिकडच्या उघड्या पिकअपमधून, पालखीसारखं सांभाळून आणलं. सुखदा आणि ताहिरा मॅडम तास दीड तास तारा जुळवत बसल्या. ते ऐकूनच पुढच्या रांगेतल्या दोघांनी कार्यक्रम आवडल्याचं सांगितलं.

ओळख करून द्यायचं काम शत्रुघ्नने मागून घेतलं होतं. मॅडमनी त्याला समजावलं होतं ते असं: हा सूट, म्हणजे नाचांची माळ, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाची. चार नाच, चार स्वभावांचे, आणि गंमत म्हणजे त्यावर नाचायचं कुणीच नाही. बसून आठवायचं. शत्रुघ्नला वाटलं, हे असंच्या असं सांगितलं तर अर्धा हॉल वड्यांकडे जाईल. त्याने माइक हातात घेतला.

"मंडळी, हे एक लग्न आहे असं समजा. पहिला तुकडा आल्मांद. पाहुणे येतायत, जोडे काढतायत, 'या या, बसा' चाललंय. कुणाला घाई नाही, आणि कुणी एकदम आत येत नाही, एकामागून एक. दुसरा कूरांत. पंगत बसली, वाढपी धावतायत. तिसरा साराबांद, हा संथ. मुलगी सासरी निघाली. आणि चौथा झीग: वऱ्हाडाची बस सुटली, मागच्या सीटवर पोरांचा धिंगाणा."

लोक हसले. नर्मदाही हसली. शत्रुघ्न हलका होऊन तिच्याशेजारी येऊन बसला. पलीकडे ताहिरा मॅडम होत्या. मागच्या भिंतीला टेकून मेस्त्री आणि मंडळी, केस चापून बसवलेली.

सुखदाने आल्मांद सुरू केला. सूर एकत्र कोसळत नव्हते. मोठ्या घरातली माणसं जेवायला येतात तसे येत होते, आधी आजोबा, मग काका, मग कुणीतरी हात पुसत पुसत. थोड्या वेळाने सगळे आपापल्या पाटावर बसले आणि क्षणभर वाजायचं थांबलं.

"वन्स मोअर!" मागून चार-पाच दणदणीत गळे फुटले.

हॉल दचकला. सुखदाचे खांदेही उडाले. पण तिने मान वर केली नाही. पुन्हा पहिल्यापासून तोच भाग वाजवू लागली. आणि या खेपेला त्यात काहीतरी जास्त होतं, मधल्या जागांत गिरक्या, एखाद्या सुरावर थरथर. "बघा," मागे कुणीतरी म्हणालं, "पोरीने मान राखला हो. आणि पुन्हा तेच नाही वाजवत, बढत करते."

पुढचा भाग झाला. "वन्स मोअर!" तोही तिने पुन्हा वाजवला. शत्रुघ्नने तिरक्या नजरेने नर्मदेकडे पाहिलं. ती समोर बघत होती. टेबल निम्मं घराबाहेर गेल्यासारखं त्याला वाटलं.

कूरांतला गंमत वाढली. महबूल्याच्या सुतारांना संगीत कळतं आणि आपण गप्प, हे मंडळाला कसं सोसावं? पहिला भाग संपायच्या आतच दुसऱ्या रांगेतून एका दंतवैद्यांनी वन्स मोअर पुकारला. मग औषधवाल्याने. दुसऱ्या भागाला तर शामलाताईंच्या यजमानांच्या तोंडूनही, सवयीने, निसटला. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. आणि सुखदा प्रत्येक वेळी निमूट पुन्हा वाजवी. इतका आज्ञाधारक कलावंत मंडळाने कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात शत्रुघ्नला पलीकडे काहीतरी हलताना दिसलं. ताहिरा मॅडम तोंडावर रुमाल धरून गदगदून हसत होत्या. त्याने भुवया उंचावल्या. मॅडमनी आपल्या मांडीवरचं नोटेशनचं पुस्तक सरकवलं आणि एका उभ्या रेघेवर बोट ठेवलं. रेघेपाशी दोन टिंबं होती. त्यांनी पान उलटलं. तिथेही दोन टिंबं.

"याचा अर्थ, पुन्हा," त्या इंग्रजीत कुजबुजल्या. "प्रत्येक भाग दोनदा. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा नक्षी लावून. तशी रीतच आहे. तुमचे लोक फार उदार आहेत, मिस्टर टिपणीस, पण ती तशीही वाजवणारच होती."

गाडीत बसून ऐकताना शत्रुघ्नला वाटायचं, रियाज आहे, चुकत असेल, म्हणून पुन्हा घेते. म्हणजे एवढा मटणाचा घाट घालून मिळवलेले वन्स मोअर सगळे खोटे, कागदावरच छापलेले. आणि मॅडमचं आणि त्याचं हे बोलणं ज्या खुर्चीवरून पार पडलं, त्या खुर्चीत नर्मदा बसली होती. तिने टिंबांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली. काही बोलली नाही. पहिल्यांदासुद्धा नाही.

साराबांद सुरू झाला.

सुरुवातीचे दोन सूर पडले आणि दुसऱ्यावर सुखदा जराशी रेंगाळली, उंबऱ्यावर पाय अडावा तशी. पुन्हा दोन सूर, पुन्हा तसंच रेंगाळणं. आवाज मघाचाच, ना मोठा ना लहान. पण मधल्या जागा मोठ्या झाल्या होत्या. शत्रुघ्नला एकदम कळलं, हे वाद्य आपण कुठे पाहिलंय ते. तो रोज त्याच्यासमोर बसून जेवत होता.

पहिला भाग संपला. सुखदाचे हात पट्ट्यांवर थांबले.

कुणी ओरडलं नाही.

शत्रुघ्नने मान वळवून मागे पाहिलं. मेस्त्री दोन्ही हात छातीशी बांधून उभा होता, नजर खाली. शत्रुघ्नने भुवया उडवल्या, हनुवटी उडवली. शेवटी हाताने खूण केली. मेस्त्रीने त्याला हाताने गप्प बसवलं.

हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी राहिली. आणि कुणी मागितलं नसताना, सुखदाने तोच भाग पुन्हा सुरू केला. आता तो नक्षीसकट आला. पण कूरांतमधल्या दिमाखदार गिरक्या यात नव्हत्या. जाता जाता मागे वळून आणखी एक गोष्ट सांगावी, चुलीवर दूध आहे, गोळ्या वरच्या फळीवर ठेवल्यात, अशी ती नक्षी होती. वडे तळणाऱ्या बाई झारा हातात धरून दारात येऊन उभ्या होत्या. वड्यांकडे कुणी गेलं नाही.

मग झीग झाला, वऱ्हाडाची बस सुटली, प्रत्येक वळणावर ओरडा झाला आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. शामलाताईंनी सुखदाला स्टीलची वाटी दिली आणि म्हणाल्या, "छान हो. मात्र इतके वन्स मोअर घ्यायचे नसतात, बाळ. गळा बसतो." पाठोपाठ त्यांचं पद झालं. त्याला कुणाच्याही तोंडून वन्स मोअर निघाला नाही, कारण यजमान वड्यांच्या रांगेत होते.

वाद्य वनेटमध्ये चढवताना शत्रुघ्नने मेस्त्रीला बाजूला घेतलं. "साराबांदला काय झालं तुम्हाला?"

"साहेब, तुमीच सांगितलास ना, चेडू सासरी जाता म्हणान?" मेस्त्री गोधडीची गाठ आवळत म्हणाला. "चेडू घरातसून निघाल्यावर कोण वन्स मोअर म्हणता?"

शत्रुघ्न वळला तर मागे नर्मदा उभी.

"मटण चांगलं झालं होतं ना, मेस्त्री?" तिने विचारलं.

"एकदम झकास, वहिनी."

"मला वाटलंच. आवाज खणखणीत लागले होते." ती नवऱ्याकडे वळली. "मागून घेतलेला नको, असं मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मागून घेतलेला नको म्हटलं होतं, आणि तुम्ही अख्खा महबूला जेवायला घातलात." ती थांबली. वनेटच्या पलीकडे सुखदा वाद्याच्या गोधडीवर हात ठेवून उभी होती. ती ऐकत होती हे दोघांनाही माहीत होतं. शत्रुघ्न त्या थांबण्यात मावेल ते सगळं आपल्या नावे टाकत गेला.

"ओरडले तेवढे सगळे मी सोडून दिले," नर्मदा म्हणाली. "पण मधे एकदा तुमची माणसं ओरडायला विसरली. मटण खाऊन विसरली. तो एक धरते मी." मग मेस्त्रीला, "आमचं जेवणाचं टेबल तुमच्या खोलीत मावेल का हो? खुर्च्यांसकट?"

"आई!" सुखदा म्हणाली.

टेबल गेलं, हार्पसिकॉर्ड आलं. जूनमध्ये ताहिरा मॅडम गेल्या. जुलैभर टिपणीसांच्या घरात जमिनीवर जेवणं आणि पाण्याच्या घमेल्याची बडदास्त चालली. मग ऑगस्ट उजाडला, इराकचं सैन्य घुसलं आणि कुवेतचं जे झालं ते झालं. निघायची वेळ आली तेव्हा नर्मदेने वाद्य मिटलं, त्यावर जुनी चादर घातली, वर प्लॅस्टिक घातलं आणि त्यावर कुकर, मिक्सर, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या अशी रास रचली. "हे कशाला?" शत्रुघ्नने विचारलं होतं. "टेबल आहे ते," ती म्हणाली होती. "टेबल आहे, आणि तुम्ही कुणाला काही वेगळं सांगू नका."

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात शत्रुघ्न एकटा परतला. घर धुऊन नेलं होतं. टीव्ही गेला, फ्रिज गेला, एसी गेला, नळसुद्धा गेले. प्लॅस्टिकवरचे कुकर, मिक्सर, डबे, बरण्या सगळं गेलं होतं. खालचं टेबल मात्र जागच्या जागी. दिवसभर इतरांच्या आतलं बघणाऱ्या माणसाला ती चादर काही उचलवेना. त्याने नळ बसवले, एसी बसवला, घमेलं भरून खाली ठेवलं आणि वाट पाहिली.

डिसेंबरच्या सुट्टीत नर्मदा आणि सुखदा पुण्याहून आल्या. सुखदाने बॅग दारातच टाकली आणि प्लॅस्टिकसकट चादर ओढली. तेलविहिरींच्या आगीची काजळी प्लॅस्टिकखालूनही आत शिरली होती. काळ्या पट्ट्या तशाच दिसत होत्या, पांढऱ्याही काळ्या झाल्या होत्या. काही तारा तुटल्या होत्या, बाकीच्या उतरल्या होत्या. ती पुसत, जुळवत, जमेल तेवढ्यावर समाधान मानत बसली. मग तिने साराबांद घेतला. मधेच एखादी पट्टी दाबली की नुसती काडी उडे, सूर येत नसे; तिथे ती जरा थांबे आणि पुढे जाई.

पहिला भाग संपला. तिने हात उचलून मांडीवर ठेवले.

"सो बॅड, बाबा," ती म्हणाली. "अर्धे सूर मिसिंग आहेत."

शत्रुघ्नने तोंड उघडलं.

"तुम्ही काही ओरडू नका," स्वयंपाकघरातून नर्मदा म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. मग थोडा वेळ काहीच आलं नाही. फक्त नव्या नळाचं पाणी.

"दोन टिंबं आहेत ना गं तिथे?" ती म्हणाली.

सुखदाने बोटं पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.